शिडी कुणी धरायची

हे सगळं खरं आहे, शब्दन् शब्द. खोटं निघालं तर माझी जीभ गिरणीत घाला आणि बारीक दळा, वर चाळूनही घ्या. ज्यांना आत्ताच शंका येतेय त्यांनी उठून जावं. मधे कुणी "असं कुठं असतं का" म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

तर एक गिरणीवाली होती. भित्री. रस्त्यावर कुणी मोठ्यानं शिंकलं तरी ती आधी मोटरीच्या पट्ट्याकडं बघायची, तुटला की काय म्हणून. पण त्या सुगीत तिच्या पोटात जी भीती शिरली, ती आली आणि पथारी पसरून तिथंच राहिली.

जागा भाड्याची होती. एक लांबट इमारत, वर कौलं, पुढं दोन गाळे. एका गाळ्यात न्हावी, दुसऱ्यात गिरणी. गिरणीच्या मागं एक खोली, तिच्यात गिरणीवाली, तिचा नवरा आणि सासू. नवऱ्याची पाठ पोती उचलून उचलून कामातून गेलेली. सासू इतकी हलकी, की वारा सुटला की गिरणीवाली तिला दोन पोत्यांच्या मधे बसवून ठेवायची. आणि एक मांजर. ते मुळात काळं, पण पिठात राहून पांढरं झालेलं. भिजून आलं की घरचेच त्याला परकं समजून हाकलायचे.

करार कागदावर होता, ट्रंकेत तळाशी. त्याची अजून बरीच वर्षं बाकी होती. पण रोजच्या वागण्यातला करार सोपा होता. वरचं छप्पर मालकाचं, खालची जमीन गिरणीवालीची. कौल फुटलं तर त्यानं बदलायचं, जमीन उखडली तर हिनं सिमेंट भरायचं. मालक म्हातारा होता. दर साली आभाळ भरायच्या आधी तो शिडी खांद्यावर घेऊन यायचा. शिडीची मधली पायरी मोडलेली, तिला सुतळी गुंडाळलेली. तो वर चढायचा, ही खाली शिडी धरायची.

"धरलीस का गं?"

"धरली."

"सोडलीस तर मालक मेला बघ."

"आणि तुम्ही कौल विसरलात तर माझं पीठ मेलं."

हे दर सालचं ठरलेलं बोलणं. त्याशिवाय म्हातारा वर पाय टाकायचा नाही.

त्या साली म्हातारा आलाच नाही. आला तो न्हावी. दोन्ही गाळ्यांच्या मधल्या भिंतीला वर एक झरोका होता. न्हावी खुर्चीवर उभा राहून तिथून तोंड काढायचा आणि जगाच्या बातम्या गिरणीत ओतायचा.

"वहिनी, गिरणी बंद करा. ऐकण्यासारखं आहे."

"पोती ढिगानं पडलीत भावजी, बंद कशी करू? ओरडून सांगा."

न्हाव्यानं ओरडून सांगितलं. म्हाताऱ्यानं इमारत विकली. तो लेकीकडं निघून गेला, लांब. घेणारा वखारवाला आहे, लाकडाचा. माणूस दांडगा, मिशा अशा की त्यांवर टॉवेल वाळत घालावा.

गिरणीवालीनं खटका पाडला. पट्टा फडफडत थांबला. सगळीकडं एकदम एवढं शांत झालं, की मागच्या खोलीत नवरा उठून बसला.

"विकली म्हणजे? आम्ही आहोत की आत."

"तुमच्यासकट थोडीच विकतात, वहिनी? मालक बदलला की जुनं सगळं पुसलं. तुमचा करार कुणाशी होता?"

"म्हाताऱ्याशी."

"म्हातारा कुठाय?"

गिरणीवालीनं दारातून रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"झालं तर मग. म्हातारा गेला, करार गेला. आता वखारवाला म्हणेल ते."

तिनं ट्रंक उपसली, कागद काढला. वर म्हाताऱ्याचं नाव, खाली म्हाताऱ्याची सही. नवऱ्यानं मागून पुढून बघितलं, उजेडात धरून बघितलं. वखारवाल्याचं नाव कुठंच नव्हतं. ती तिथंच पिठाच्या डब्यावर बसली.

"तू जाऊन बोल त्याच्याशी," नवरा म्हणाला.

"तुम्ही जा की."

"अगं, माझी पाठ..."

"पाठीनं बोलतात का?"

"मी जाते," सासू म्हणाली, "पण वारा पडू दे."

कुणीच गेलं नाही. आणि मग वखारवालाच आला.

भर दुपारी आला. दारासमोर उभा राहिला आणि कुणाशी काही न बोलता नुसता वर बघत राहिला. कौलं बघितली, वासे बघितले, भिंतीला हात लावून बघितला. पीठ घ्यायला आलेल्या बायका बाजूला झाल्या. गिरणीवालीनं आतून एवढंच बघितलं, आणि तिनं चालू गिरणी थांबवून दाराला अडसर घातला. तिघंही पोत्यांच्या मागं बसली. मांजरही बसलं.

थाप पडली. "आहे का कुणी?"

सासूला उचकी लागली.

"आई, श्वास धरा," गिरणीवाली कुजबुजली.

"धरलाय, उच्च, केव्हाचा."

थाप पुन्हा पडली. मग जड पावलं मागं गेली. बाहेर मास्तरीणबाईंचा आवाज आला. त्यांचं पोतं अर्धं दळून झालं होतं, अर्धं आत होतं.

"दिवसाढवळ्या दार लावून काय चाललंय गं? माझे गहू आत आणि मी बाहेर! भाडं थकलं की काय तुमचं?"

भाडं कधीच थकलेलं नव्हतं. ते ओरडून सांगावं असं गिरणीवालीला फार वाटलं. पण ओरडलं तर आत आहोत हे कळलं असतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. कानाच्या पाळ्या नुसत्या तापल्या होत्या.

वखारवाला पुन्हा आला. पुन्हा अडसर, पुन्हा उचकी. मग रोजच तसं व्हायला लागलं. कुणाची जड पावलं वाजली की ही खटका पाडायची. गिऱ्हाइकं कंटाळली. सुगी चालू, घरोघर नवे गहू आलेले, आणि लोक डोक्यावर पोती घेऊन शेजारच्या गावातल्या गिरणीकडं चालले. जी पोती आधीच आत होती, ती भिंतीला रचलेली तशीच राहिली. गिरणीवाली त्यांच्याकडं बघायची आणि वर बघायची. छपरातून दोन ठिकाणी आकाश दिसत होतं. यंदा कुणी कौलं बदलली नव्हती.

"त्याला सांगायला नको का, छप्पर गळेल म्हणून?" नवरा म्हणाला.

"सांगायला गेलं की तो म्हणेल, तुम्ही कोण?"

रात्री तिला झोप लागेना. डोळा लागला की तिला दिसायचं, गिरणीचा दगड रस्त्यात पडलाय, मधोमध तडकलेला.

मग एका सकाळी आभाळ काळं झालं. सुगीत यायला नको तसलं आभाळ. वारा थंड, गारांचा वास असलेला. सासूला पोत्यांच्या मधे बसवलं. तेवढ्यात झरोक्यात न्हाव्याचं तोंड आलं. या वेळी तोंड पांढरं होतं.

"वहिनी, मी डोळ्यांनी बघितलं. वखारीत गाडी भरतायत. फळ्या, दोर, लोखंडी पहार. आजच येणार. दार फोडून सामान बाहेर फेकणार, दुसरं काय? पहार कशाला लागते माणसाला?"

फार भ्यालेल्या माणसाला एकदम बळ येतं, तसं तिला आलं. वाईट बळ असतं ते.

"अहो, उठा. आपणच काढू गिरणी."

"काय?"

"त्यानं फेकला तर दगड फुटेल. आपण काढू, माझ्या बहिणीच्या गोठ्यात नेऊन ठेवू. तुम्ही कप्पी बांधा."

आता ही गिरणी म्हणजे काही पेटी नव्हे, उचलली आणि निघालं. वरचा दगड फिरता, तो निघतो. टाकीचे घाव घालून त्याला खरखरीत करायचं असलं की दर वेळी काढावाच लागतो. पण खालचा दगड जमिनीत बसवलेला, बोल्ट सिमेंटमधे पुरलेले. ज्या मिस्त्रीनं तो बसवला त्यानं ताटलीत पाणी ठेवून, दगड पाण्याच्या पातळीत आणून बसवला होता. तो मिस्त्री आता हयात नव्हता. एकदा हललेला दगड पुन्हा तसा बसेल, हे कुणीच सांगितलं नसतं.

आधी दोघांनी वरचा दगड उतरवून भिंतीला टेकवला. मग तिनं छन्नी घेतली, हातोडा घेतला आणि आपलीच जमीन फोडायला बसली. दर साली जिथं तिनं हातानं सिमेंट सारवलं होतं, तिथंच पहिला घाव घातला. ढलप्या उडाल्या. पीठ उडालं. घामानं पीठ अंगाला चिकटलं आणि त्याची कणीक झाली. तळहाताला फोड आले, फुटले, छन्नीची मूठ निसरडी झाली. प्रत्येक घावाला ती दाराकडं बघायची. एकदा घाव चुकून अंगठ्यावर बसला तरी ती ओरडली नाही.

"पुरे गं," सासू पोत्यांमधून म्हणाली. "जमीन रडतेय."

"जमीन माझी आहे, आई. रडू दे."

असं म्हणाली खरी, पण पुढचा घाव तिनं हळू घातला.

बोल्ट मोकळे झाले. नवऱ्यानं आढ्याच्या तुळईला कप्पी बांधली, जाड दोर ओवला, एक टोक दगडाला आणि दुसरं आपल्या हाती. ओढला, तर दगड हलेना. पाठ मात्र हलली. तो विव्हळला.

"माझंही वजन लागू दे," सासू म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं दोराचा शेवट कमरेला गुंडाळून गाठ मारली.

"आई, तुमचं कसलं वजन?"

"जेवढं आहे तेवढं."

गिरणीवालीनं पहारीनं कड उचलली, नवऱ्यानं ओढलं, सासूही लोंबकळली. आणि दगड सुटला. वीतभर वर आला, फिरला, तिरका झाला. गिरणीवालीनं पाचर सरकवायला खाली हात घातला.

नेमकं तेव्हाच बाहेर गाडी थांबली.

पलीकडं न्हाव्याच्या गाळ्यात खुर्ची आपटली. न्हावी मागच्या दारानं पळाला, आणि त्याचं गिऱ्हाईकही पळालं, अर्ध्या गालावर साबण, गळ्यात फडकं. सगळ्या रस्त्यानं पाहिलंय ते.

दारावर थाप नाही पडली. भिंतीला काहीतरी टेकवल्याचा आवाज आला. मग डोक्यावर. कौलं करकरली. कुणीतरी छपरावर चालत होतं, हळू, अगदी हळू, जीव मुठीत धरून चालावं तसं. वरून जुनी माती गळायला लागली, थेट गिरणीवालीच्या मानेवर.

"छप्पर काढतोय," नवरा म्हणाला. "डोक्यावरचं छप्परच काढतोय!"

एक कौल उचललं गेलं. उजेडाचा खांब आत पडला, पिठानं भरलेला. आणि त्या भोकात एक तोंड आलं, उलटं. मिशा कपाळाकडं लोंबत होत्या.

नवऱ्याच्या पाठीत चमक निघाली आणि हात सुटला.

दगड खाली गेला. सासू वर गेली. दोर कमरेलाच होता ना, ती सरळ आढ्यापर्यंत गेली आणि त्या उलट्या तोंडासमोर येऊन थांबली. नाकाला नाक.

"कोण रे तू?" सासू म्हणाली.

"मी... मी मालक."

"मग बघतोस काय, मेल्या? धर की! खाली माझ्या सुनेचा हात आहे!"

वखारवाल्यानं भोकातून दोन्ही हात आत घातले आणि कप्पीजवळ दोर धरला. कौलं चेपली, वासा कण्हला. दगड बोटभर अंतरावर थांबला. गिरणीवालीनं हात काढला. काढला तेव्हा आधी तिला तो आपला वाटेचना. पांढरा, गार, पण पाची बोटं जागेवर. मग तिनं पाचर मारली, दगड तिरका टेकला, तिनं दगडाची गाठ सोडली, आणि वखारवाल्यानं दोर हळूहळू सोडत सासूला खाली ठेवलं.

मग वरून घसरल्याचा, धडपडल्याचा आवाज. गिरणीवालीनं अडसर काढला. लपायला आता काही उरलंच नव्हतं.

बाहेर वखारवाला जमिनीवर बसला होता. एवढा दांडगा माणूस, पण दोन्ही हातांनी जमीन घट्ट धरून. शेजारी गाडी, गाडीत नवी कौलं, फळ्या, पहार. आणि भिंतीला एक शिडी. मधल्या पायरीला सुतळी गुंडाळलेली.

गिरणीवाली त्या सुतळीकडं बघतच राहिली.

"पाणी देता का, ताई?" वखारवाला म्हणाला. "मला उंचीचं भय आहे हो. लाकूड विकतो, लाकडावर चढत नाही."

नवऱ्यानं पाणी आणलं. अर्धं त्याच्या मिशांनीच प्यायलं.

"म्हाताऱ्यानं कशाला विकली ठाऊक आहे? गुडघे गेले त्याचे. म्हणाला, शिडी चढवत नाही, मग मालक कसला? विकताना आधी मला तुमची गिरणी ऐकवली, रस्त्यात उभं करून. म्हणाला, हा आवाज इमारतीबरोबर येतो. करार संपेपर्यंत ही बाई इथंच. भाडं तू घे, छप्पर तू सांभाळ, तिनं ठेवलेली अनामत मी तुझ्याकडं देतो. वकिलालाही विचारलं मी. तो म्हणाला, कागदावर नाव कुणाचंही असो, इमारत घेतलीस की त्याच्या जागी तू. पिठात पाणी पडलं तर भरून तू देणार."

"मग बोलला का नाहीत?" नवरा म्हणाला.

"दार कुणी उघडलं? मी आलो की गिरणी बंद, दार बंद. मला वाटलं, छपरावरून चिडलात, आता माझ्यावर दावा लावता की काय. घरी मला घास उतरेना! म्हाताऱ्यानं बजावलं होतं, ती शिडी धरेल तेव्हाच चढ, नाहीतर मरशील. शिडी धरा एवढं सांगायला येत होतो मी. आज आभाळ बघितलं आणि एकटाच चढलो."

बोलता बोलता तो उठला आणि दारातून आत गेला.

गिरणीवाली त्याच्या मागं उभी होती. तो काय बघतोय ते तिला दिसत होतं. फुटलेली जमीन. उपटलेले बोल्ट. पाचरीवर तिरका टेकलेला दगड. वरचा दगड भिंतीला टेकून ठेवलेला, निघायच्या तयारीत.

"जमीन तुमच्याकडं ना, ताई? करारात?"

तिनं मानेनं हो म्हटलं.

"म्हणजे तुम्ही जाताय." तो म्हणाला. "मी काढलं नाही. तुम्हीच निघालात."

इतक्या दिवसांची सगळी भीती तेव्हा कुठं खरी भीती झाली. तो तिला काढायला आलाच नव्हता. तिचं तिनंच स्वतःला काढलं होतं, छन्नीनं, हाताला फोड येईपर्यंत. आता त्यानं नुसतं "बरं" म्हटलं असतं तर विषय संपत होता. जमीन मोडणारी भाडेकरू, गिरणी काढलेली भाडेकरू. तिच्या बाजूनं बोलायला जगात एकही शब्द नव्हता. नवरा भिंतीला पाठ लावून खाली बघत होता. सासूची उचकी थांबली होती, आणि तेच जास्त भयंकर होतं.

वर गडगडलं. उघड्या भोकातून एक गार पडली, टप्पकन, मास्तरीणबाईंच्या पोत्यावर. सगळ्यांनी वर बघितलं.

तेव्हा गिरणीवाली म्हणाली, "वरचं भोक तुमचं. खालचं माझं. तुम्ही तुमचं बुजवा, मी माझं बुजवते. आधी तुमचं. आभाळ आलंय."

वखारवाल्यानं तिच्याकडं बघितलं. मग भोकाकडं. मग गाडीकडं गेला, कौलं काखेत घेतली आणि शिडीपाशी येऊन उभा राहिला. पाय उचलेना.

तिनं शिडी धरली.

"धरलीत का?"

"धरली."

"सोडाल?"

"नाही."

तो चढला. गारा सुरू झाल्या तेव्हा शेवटचं कौल बसत होतं. त्याच्या टाळूवर तडातड आपटत होत्या, तिच्या खांद्यावर आपटत होत्या. तिनं डोळे मिटून शिडी छातीशी धरली होती, फोड आलेल्या हातांनी. आत एकही पोतं भिजलं नाही. तो उतरून गिरणीत आला आणि पोत्यावर बसला तेव्हा पिठानं इतका माखला, की मांजर त्याला घरचा समजून मांडीत जाऊन झोपलं.

सिमेंट तिनं आणलं, तिच्या खर्चानं. दगड परत बसवताना ताटलीत पाणी ठेवलं, पण हात मिस्त्रीचा नव्हता. गिरणी सुरू झाली तशी सासूनं कान टवकारले. "लंगडतेय," म्हणाली. अजूनही लंगडते. एका बाजूला घर्र, दुसऱ्या बाजूला घुर्र. पीठ मात्र आधीपेक्षा बारीक पडतं म्हणतात, म्हणून तिची थट्टा कुणी करत नाही. भाडं आता वखारवाल्याला जातं. दर साली आभाळ भरायच्या आधी तो येतो, खाली उभा राहून बराच वेळ घाम पुसतो, आणि ती बाहेर येईपर्यंत शिडीला हात लावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी आढ्यापर्यंत गेली हे काही खरं नाही. खरं आहे. साबणाचं गिऱ्हाईक? खरं. मांजर? अगदी खरं. पण एक सांगून टाकते, नाहीतर जीभ दळायला घ्याल. ती जे बोलली ना, वरचं भोक तुमचं, खालचं माझं, ते मी घातलंय. ती काहीच बोलली नाही. दातावर दात वाजत होते तिचे, शब्द कुठून येणार? ती नुसती बाहेर गेली आणि तिनं शिडी धरली. त्यानं विचारलं, "धरलीत का?" त्यालाही तिच्या तोंडून उत्तर फुटलं नाही.

तरी तो चढला.